ओरखडा नसलेलं नाणं

राहुरीला धरणाच्या कामावर मी आरेखक होतो. नकाशावर शाईचा एक ठिपका पडला तरी अख्खा कागद फाडून नव्याने सुरुवात करायचो. साहेब म्हणायचे, "ब्लेडने खरवडून टाका की, कोण बघतंय?" मी बघतोय, असं मनात म्हणत मी नवा कागद ताणायचो. त्यापायी कितीतरी रविवार गेले. लोक माझ्या टापटिपीचं कौतुक करायचे आणि मला त्या कौतुकाची चटक लागली होती.

या स्वभावाला शोभेल असाच नाद मला लागला. प्रूफ नाण्यांचा. ही नाणी बाजारात चालवायची नसतात. आरशासारख्या घासलेल्या ठशाखाली एकेक चकती ठेवून ती सावकाश, एकापेक्षा जास्त वेळा दाबतात. मग नाण्याचा पृष्ठभाग इतका लखलखतो की त्यात आपलं तोंड दिसतं, आणि त्यावरचं चित्र मात्र दुधाळ उमटतं. बोट लागलं की संपलं. पुसलं तरी घामाचा ठसा चांदीत उतरतो आणि काही महिन्यांनी वर येतो. म्हणून नाणं कडेनेच धरायचं आणि त्याच्यासमोर तोंड उघडायचं नाही, थुंकीच्या कणानेही डाग पडतो. बायकोला नाणी बघायची असली की मी तिला तोंडाला पदर लावायला सांगायचो. ती म्हणायची, "अवो, देवाला बी एवढं सोवळं लागत न्हाई."

त्यातलं एक दहा रुपयांचं चांदीचं नाणं माझ्या जिवाचा तुकडा होतं. सर्वांना अन्न, अशा अर्थाची अक्षरं त्यावर होती. त्यासाठी मी नगरच्या एका व्यापाऱ्याकडे चार खेपा घातल्या. एकाची कड खरचटलेली, दुसऱ्यावर केसाएवढी रेघ, तिसऱ्यावर पांढुरका ठिपका. मी भिंग लावून एकेक परत करत होतो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "साहेब, नाणं घेताय का नवरी बघताय?" चौथ्या खेपेला जे मिळालं त्यात मला काही सापडलं नाही. मी ते घरी नेऊन तासभर उन्हात फिरवून पाहिलं, तरीही सापडलं नाही. असा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, हे आज लिहायला लाज वाटते.

मला एक धाकटी बहीण. आई गेली तेव्हा ती चार वर्षांची होती, पुढे वडीलही गेले. मीच तिची वेणी घातली, मीच तिचं लग्न लावलं. खर्ड्याजवळच्या एका कोरडवाहू घरात ती पडली होती. माझं दोन खोल्यांचं बिऱ्हाड हेच तिचं माहेर. दुसरं कुठलं नव्हतंच.

बहात्तर साली पाऊस झालाच नाही. त्या दिवाळीत ती भाऊबीजेला पहिल्यांदाच पोराला घेऊन आली. आठ महिन्यांचा मुलगा. मी सकाळी खिडकीत बसून नाणी बघत होतो. एसटीची वेळ झाली म्हणून तसाच उठलो आणि नाण्यांची पेटी उघडी राहिली. माझ्या हातून असं कधी होत नसे, त्या दिवशी झालं.

बहिणीला घेऊन दारात आलो. बायकोने माय-लेकरावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोराच्या टाळूवर तेल घातलं. पहिल्यांदा घरी आलेल्या लेकराच्या हातावर काहीतरी ठेवायचं असतं, रिकाम्या हाताने पाठवायचं नसतं. बायको आत गेली आणि उघड्या पेटीतून घरातली सगळ्यांत चांगली वस्तू घेऊन आली. नवं, चांदीचं, कुठे डाग नसलेलं. शुभ म्हणून. पोराने मूठ मिटली. बसमध्ये बिस्कीट चोखत आलेलं पोर, सगळा हात चिकट.

मी ओरडलो नाही. ओरडलो असतो तर बरं झालं असतं. पुढे झालो आणि त्याची मूठ उघडायला लागलो. ओढून घेतलं असतं तर नाण्यावर ओरखडा पडला असता, म्हणून एकेक बोट सोडवलं. करंगळीपासून. त्याला दुखेल हा विचारसुद्धा माझ्या मनात नव्हता. नाणं कडेने धरून मी उजेडात नेलं, मग परत येऊन त्याच्या हातावर दहाची नोट ठेवली. "किंमत तीच," म्हणालो. वर हसलोही.

बायको भिंतीला टेकून उभी राहिली. बहीण म्हणाली, "राहू दे वहिनी. त्याला काय कळतंय." तिने मला ओवाळलं, जेवली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेली. एरवी आठ दिवस राहायची.

ती गाडीत बसली असेल नसेल, इकडे मी नाणं घेऊन बसलो होतो. बोटांचे ठसे स्पष्ट उमटले होते, तांदळाच्या दाण्याएवढे. स्पिरिट आणि कापूस घेऊन मी ते पुसले. ठसे गेले, पण कापसानेच बारीक रेघा पडल्या. नाणं माझ्याच हाताने बाद झालं. मी दोन दिवस बायकोशी बोललो नाही.

उन्हाळ्यात बहीण आणि मेहुणे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होते. पोर तिथेच गोणपाटाच्या सावलीत असायचं. त्याला हगवण लागली आणि तीन दिवसांत ते गेलं. मला पत्र मिळालं तेव्हा दहा दिवस उलटून गेले होते.

नगरवरून जामखेड, पुढे खर्डा, असा मी दिवसभर एसटीत होतो. ओसरीवर तिची सासू बसली होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हातावर ठिवल्यालं कोन काढून घ्येतं का? मामानंच काढून घ्येतलं." हे खुळचट आहे, हगवण पाण्याने लागते, हे मला ठाऊक होतं. तरी मी चपला काढल्या आणि मान खाली घालून आत गेलो.

बहीण आत चुलीपाशी होती. खडीने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मी समोर बसलो. मला त्या पोराचा चेहरा आठवायचा होता आणि तो आठवत नव्हता. त्या दिवशी मी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, मी नाण्याकडे बघत होतो. माफी मागायची म्हणून दिवसभर एसटीत शब्द जुळवले होते.

पण आधी तीच बोलली. "दादा, सासूबायचं मनावर घिऊ नको. त्या दिवशी तो रडला का? न्हाई. तू त्याचं एकेक बोट सोडवत हुतास ना, तवा तो खुदुखुदू हसत हुता. त्याला वाटलं, मामा खेळतोय. पुढं कितींदा तरी मूठ मिटून माझ्याम्होरं धरायचा. मी बोटं सोडवली की हसायचा."

 तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

"तू बी खेळतच हुतास, न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. "खेळतच होतो."

तिने मान हलवली आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

वर्ष सरल्यावर ती भाऊबीजेला आली. त्यानंतर एकही वर्ष चुकली नाही. दर वर्षी ती ताट घेऊन समोर बसते, आणि मला पाटावरून उठून जावंसं वाटतं.