साहेबांनी न दिलेला शब्द

ही गोष्ट माझ्या घरातही कोणाला ठाऊक नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. शाळेतल्या सोबतच्या बाईंना तर नाहीच. तुम्हाला का सांगते, तेही नीट सांगता येणार नाही. रडगाणं गायची मला सवय नाही, आणि कोणी गायलं तर ऐकवतही नाही. तेव्हा सरळ लिहिते. जमेल तेवढं सरळ.

मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. मूळची खोडाळ्याची. आमच्या भातशेतीवर आवणीला, म्हणजे भात लावायला, बाया यायच्या, त्यांच्या पोरांत मी वाढले, त्यामुळे पाड्यावरची बोली मला शाळेच्या मराठीच्या आधी आली. पुढे जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीच्या बाजूला एका पाड्यावर शाळा मिळाली तेव्हा ही बोलीच कामाला आली. डॉक्टर आले, साहेब आले, सर्वेवाले आले की निरोप यायचा – बाईंना बोलवा. कामाची पद्धत ठरलेली होती. साहेब खुर्चीवर, मी खुर्चीच्या मागे. समोरून कोणी बोललं की मी वाकून साहेबांच्या कानाशी मराठीत सांगायचं. साहेब बोलले की सरळ उभं राहून मोठ्याने बोलीत सांगायचं. दोन्ही बाजूंना मध्ये मी एकटी. मी काय सांगते हे तपासणार कोण?

हे मी आधी सांगायला हवं होतं का? असो. सांगितलं.

एक आमदार होते. शहराकडचे, विधान परिषदेवरचे. आमच्या बाजूचे काही पाडे त्यांनी दत्तक घेतले होते. माणूस वाईट नव्हता. कामं करायचा, पण त्याला कौतुक लागायचं, आणि कोणी चारचौघांत तक्रार केली की चेहरा पडायचा. मग गाडीत बसायचा नि पुन्हा वर्षभर फिरकायचा नाही. शेजारच्या पाड्यावर असंच झालं होतं, आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

ते वर्षाच्या कामाचा आढावा द्यायला आले. माघ महिना. धडधाकट माणसं वीटभट्टीवर गेलेली, पाड्यावर उरलेल्या म्हाताऱ्या, पोरं आणि थोड्या बाया. साहेबांनी कागद काढून वाचायला सुरुवात केली – आरोग्य, शिक्षण, लोकसहभाग, असे तीन भाग. आरोग्यात त्यांनी वाचलं की इथलं उपकेंद्र सुरू झालं आहे. बांधून झालं होतं हे खरं. रंगही दिला होता. शिक्षणात माझं काम होतं. चौथीनंतर आमच्या मुली घरी बसायच्या, कारण पाचवीला खोली नव्हती. त्या खोलीसाठी मी दोन वर्षं चपला झिजवल्या होत्या, आणि साहेब त्या दिवशी ती जाहीर करणार हे त्यांच्या माणसाने मला आधीच सांगितलं होतं.

ती जाहीर करायच्या आधी सोमीआजी उठली.

सोमीआजी म्हणजे पाड्यावरचं मोठं तोंड. सोमवारी जन्मली म्हणून सोमी. मला मास्तरीण म्हणायची, आणि अगं-तुगं करायची. उठल्या उठल्या तिने विचारलं, "मास्तरीण, तुझा साहेब जागा आहे का वाचता वाचता निजला?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. साहेबांनी मान वळवून पाहिलं, "काय म्हणतात आजी?" मी म्हटलं, "नमस्कार म्हणतायत." एवढं तर कोणीही केलं असतं.

मग ती जे बोलली ते मी इथे मराठीत देते. या वेळी बरोबर देते. "दवाखान्याला कुलूप आहे. नर्सबाई महिन्यातून एकदा येते, सुई टोचते नि जाते. माझी सून बुधी पोटुशी आहे, तिचं आधीचं एक गेलं. पावसात ओहोळाला पाणी आलं की मी तिला कुठून नेऊ? याला विचार, कुलूप कधी काढतो."

मी वाकले. साहेबांच्या कानाशी म्हणाले, "दवाखाना झाला म्हणून आजी समाधानी आहेत. सून गरोदर आहे, तिला तुमचा आशीर्वाद हवा म्हणतात."

साहेब खूश झाले. हात जोडले. "त्यांना सांगा, माझ्या आईसारख्या आहेत. सगळं चांगलं होईल."

इथेच थांबता आलं असतं. एवढंच सांगितलं असतं तर आजी चार शिव्या घालून खाली बसली असती, आणि पुढे जे झालं ते कदाचित झालं नसतं. पण ती उभीच होती. उत्तर मिळाल्याशिवाय बसणारी नव्हती ती. आणि मी – वर्गात हट्टी पोराला गप्प करायला सांगतो ना आपण, उद्या देते म्हणून? – मी सरळ उभी राहिले आणि मोठ्याने तिच्या बोलीत सांगितलं, "साहेब म्हणतात, पावसाच्या आधी नर्सबाई इथे राहायला येईल. शब्द दिला."

आजी बसली. बायांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटलं आशीर्वादासाठी वाजवल्या. मग त्यांनी खोली जाहीर केली.

खोटं बोलले, हा भाग झाला. तुम्ही म्हणाल, तेवढ्यासाठी एवढं? नाही. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसले नसते. मला वाटलं होतं, साहेबांना एकटं गाठून उपकेंद्राचं सांगेन. खोलीचं काम मार्गी लागलं की सांगेन. खोलीचं काम सुरू झालं, आणि सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय? मी ठेवलं.

आषाढात आमच्या पाड्याची आशाताई, मंदा, शाळेत आली. भिजलेली, वैतागलेली. बुधीचे दिवस भरत आले होते. अशा बायांना आरोग्य केंद्राच्या माहेरघरात आधीच नेऊन ठेवतात, सोबत घरचं एक माणूस राहतं, म्हणजे ऐन वेळी ओहोळ ओलांडायला नको. मंदाने सांगून पाहिलं. आजी ऐकेना. आवणी चालू होती, दोन माणसं कमी झाली तर भात लावणार कोण. आणि मुख्य म्हणजे गरज काय? मंदा म्हणाली, "मला म्हणते, साहेबाने सगळ्या पाड्यासमोर शब्द दिलाय, नर्सबाई येऊन राहील. मी म्हटलं, आजी, मला तसं काही आलेलं नाही वरून. तर म्हणते, तू मोठी का साहेब मोठा? बाई, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकते ती."

माझं ऐकते ती.

काय सांगायचं होतं मला? एक वाक्य. 'आजी, साहेबांनी शब्द दिला नव्हता, तो माझा होता.' आजीच्या घरी जायला शाळेपासून किती वेळ लागतो? मुलांना पाढे घालून जाऊन परत आले असते. मी मंदाला म्हटलं, "बघते." ती गेली. मी खिडकीतून बघत होते – प्लास्टिकचं घोंगतं डोक्यावर घेऊन ती बांधाने गेली. मी दुसऱ्या दिवशी गेले नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस फार होता. त्या पावसाचं मला बरं वाटलं. जायला नको म्हणून बरं वाटलं.

पुढचं मी पाहिलेलं नाही. आजीने मला सांगितलं. शाळेच्या ओट्यावर बसून, दहावं-तेरावं उरकल्यावर. बुधीला सकाळी कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. बांबूला झोळी बांधून तिला नेलं, पण रस्त्याकडे नाही. उपकेंद्राकडे नेलं. ते पाड्यापासून लांब, आवणीच्या दिवसांत तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. कुलूप होतं. नर्सबाई राहायला आली आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं ना – मग कुलूप म्हणजे ती पाण्याला गेली असेल, नाहीतर वरच्या पाड्यावर कोणाला बघायला. येईल आता. झोळी ओट्यावर ठेवली आणि ते थांबले. आजीने दाराची कडीही वाजवली. कुलपाच्या दाराची कडी.

किती वेळ, ते मी विचारलं नाही.

मग कोणीतरी म्हणालं रस्त्याला नेऊ. ओहोळ फुगला होता. पलीकडे जीप मिळेपर्यंत बुधी गेली. मूल पोटातच राहिलं.

आजीने हे सगळं सांगून झाल्यावर तंबाखू मळला आणि म्हणाली, "तू बरोबर सांगितलंस गं, मास्तरीण. तो लबाड निघाला." आणि मी काय केलं? चहा ठेवला तिच्यासाठी. त्या माणसाला पाड्यावर अजून लबाड म्हणतात. त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. त्याने नर्सबाईचं नावही काढलं नव्हतं.

खोली उभी आहे. पाचवी भरते. मुली शिकतात. हे मी माझ्या बाजूने सांगत नाही. विचाराल म्हणून सांगितलं.

माझी बदली पुढे मोखाड्याकडे झाली. बाजाराच्या दिवशी जीपमधून कोणी पाड्याची बाई उतरली की मी भाजीवाल्याकडे तोंड करून उभी राहते, ती पुढे निघून जाईपर्यंत. बांबू खांद्यावर घेऊन दोन माणसं जाताना दिसली की आधी मध्ये काय लटकलंय ते बघते. कोंबड्या असतात. लाकडं असतात.

यंदा नव्या आमदारबाई आढाव्याला त्याच पाड्यावर येणार होत्या. निरोप आला – बाईंना बोलवा. नाही म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. तीच जागा, तोच मांडव, फक्त खुर्ची बदललेली. आमदारबाईंनी वाचलं – आरोग्य, शिक्षण, लोकसहभाग. सोमीआजी आता काठीवर उठते. पाठ पार वाकली आहे, तोंड तेच.

ती म्हणाली, "मागच्या साहेबाने शब्द दिला नि मोडला. माझी सून त्या ओट्यावर थांबून मेली. ही मास्तरीण तेव्हा बरोबर सांगत होती, ती साक्षीला आहे, हिला विचार. तू शब्द देऊ नको. तू कुलूप काढ."

आमदारबाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी वाकले आणि सांगितलं. शब्दाला शब्द. 'बरोबर सांगत होती' तेही सांगितलं. 'साक्षीला आहे' तेही. त्या दिवशी मी एकही शब्द बदलला नाही.

आमदारबाईंनी कुलपाचं लिहून घेतलं. आजी खाली बसली, शेजारची चटई हाताने झटकली आणि मला म्हणाली, "ये, बस."

मी जाऊन बसले.