बल्लीला खिळा नको

नव्वदीतली गोष्ट. सुरतेच्या कापड-प्रदर्शनाचा अख्खा मंडप एका खानदेशी मांडववाल्यानं लाकडी बल्ल्या नुसत्या दोरीनं बांधून उभा केला होता. मी स्टॉलची पाटी ठोकायला खिळा काढला, तसा तो वरूनच ओरडला,

“ओ भाऊ, खिळा नका मारू, लाकूड चिरतं! परवा ही निळ्या डागाची बल्ली इथंच डिंडोलीत माझ्या पोरीच्या मांडवाला लागणार आहे.”

मी पाटी सुतळीनं बांधली. त्यानं माझी गाठ सोडून स्वतःची मारली, बल्लीवरून हात फिरवला आणि लग्नाचं आमंत्रणही देऊन टाकलं.

गेलो. निळ्या डागाची बल्ली दारातच दिसली. तिच्यात नवाकोरा खिळा, खिळ्यावर व्याह्यांचा कोट.

मी काही विचारायच्या आत तो कानाशी लागला, “भाऊ, मीच ठोकला.”