नाक बापाचं, उघडं तोंड कोणाचं?

लेकाचं नाक धारदार व्हावं म्हणून तो तान्हा असताना मी रोज तेलाच्या बोटांनी ते ओढायची. शहाणीच मी! नाक निघालं बापासारखंच बसकं.

मुदखेडच्या स्टेशनाजवळचा फोटोवाला अशी नाकं बरोबर ओळखतो. फोटोआधी एक डोळा मिटून चेहरा न्याहाळतो आणि "हाव, कपाळ आजोबाचं, हनुवटी मामाची," अशी वाटणी करून टाकतो.

यंदा नातीला शाळेच्या फोटोसाठी त्याच्याकडं नेलं, तर तिचं तोंड मिटेचना. मी ठसक्यात म्हटलं, "आमच्या घराण्याची ठेवणच तशी."

त्यानं कॅमेरा खाली ठेवला. जुन्या फोटोंच्या पत्र्याच्या डब्यातून माझ्या लेकाचा लहानपणचा फोटो काढला. नाक तेच, पण तोंड गच्च मिटलेलं. मग कागदाची बारीक पट्टी नातीच्या नाकाखाली धरली. पट्टी हललीच नाही.

"मावशी, नाक बापाचं हाय, पण हे उघडं तोंड कोणाचंच न्हाई. नांदेडला नाकाच्या डॉक्टरला दाखवा. आजच."

डॉक्टर म्हणाले, नाकामागची गाठ वाढलीय. पोर अशीच तोंडानं श्वास घेत राहिली, तर चेहऱ्याची वाढच बिघडू शकते. गाठ काढली आणि पोरीचं रोज रात्रीचं घोरणंही थांबलं!

महिन्याभरानं तिला घेऊन मी जवळजवळ पळतच त्याच्या दुकानात शिरले. पट्टी नाकाखाली अशी फडफडली म्हणता! मी तेल, नाक, डॉक्टर सगळं एका दमात सांगत सुटले. त्यानं कॅमेरा उचलला, एक डोळा मिटला आणि म्हणाला,

"मावशी, पोरीनं मिटलं. आता तुमी तोंड मिटा, मी फोटो काढून राहिलो."