कमानीवरची वेलांटी

दुष्काळाच्या त्या वर्षांत शहागंजातल्या आमच्या फ्लेक्सच्या दुकानाला कामाचा तोटा नव्हता. टँकरचे बोर्ड, चारा छावणीचे बोर्ड, आणि त्याच मशीनवर करमाडच्या दिशेनं सरकत चाललेल्या शहराचे: प्लॉट, रो-हाऊस, 'हायवे टच'. मी तिथं डिझाइन करायचे. कॉम्प्युटरचं शिक्षण झालेलं, म्हणून मालकांनी आणखी एक काम गळ्यात घातलं. गिऱ्हाइकाला मोबाइलवरच आपला बोर्ड बनवता येईल असं काहीतरी तयार कर, म्हणाले.

ते मी एका फुकट मिळणाऱ्या ग्राफिक्स लायब्ररीवर उभं केलं. लायब्ररी म्हणजे पडद्यावर रेषा, रंग, अक्षरं काढून देणारा तयार कोड. जगभरातली माणसं तो मिळून लिहितात. कुणीही वापरावा, कुणीही सुधारावा. सगळं छान चालायचं. फक्त ओळ कमानीसारखी वाकवली की मराठी मोडायची.

एकदा आमच्या गावाकडचे दोन मेंढपाळ आले. पाऊस नसला तरी बिरोबाची यात्रा भरवायचीच, असं गावानं ठरवलं होतं आणि त्यांना प्रवेशाची कमान हवी होती. मी नाव टाइप करून ओळ वाकवली. 'बि'ची वेलांटी 'ब'ला सोडून शेजारी आपोआप उमटलेल्या एका ठिपक्यांच्या गोलाला जाऊन लटकली. 'श्री'चे तीन तुकडे झाले.

"असं कसं वो बाई? देवाचं नाव हाय ते," थोरले म्हणाले.

"सरळ ओळीत लिहू का?"

त्यांनी भिंतीवरच्या एका प्लॉटिंगच्या बोर्डाकडं बोट केलं. "सरळ कशापायी? ते इंग्रजी तर बराबर वाकलंय की."

त्या दिवशी मी एकेक अक्षर हातानं फिरवून ती कमान पूर्ण केली. मालक म्हणाले, "पूरा शहागंज ऐसाच करता, बेटा. फोटो बना, मोड दे, हो गया." खरंच सगळे तसंच करायचे, अक्षरांचं चित्र करून ते वाकवायचे. पण मोबाइलवर बोर्ड करणाऱ्या माणसानं काय करायचं? आणि त्याहून खरं सांगायचं तर माझं डोकं फिरलं होतं.

लायब्ररीच्या तक्रारींत शोधलं. काही वर्षांपूर्वी एका बंगाली माणसानं हेच लिहिलेलं सापडलं. खाली उत्तर होतं: फार थोड्या लोकांना लागतं, करण्याचा विचार नाही. तक्रार बंद. माझे कान तापले.

दोष कुठं आहे ते कोड वाचून कळलं. वाकवायच्या आधी लायब्ररी मजकुराचे तुकडे करायची. इंग्रजीत प्रत्येक खूण म्हणजे एक अक्षर. आपल्याकडं 'ब' आणि वेलांटी कॉम्प्युटर वेगवेगळ्या खुणा म्हणून साठवतो, पण अक्षर एकच असतं. म्हणजे आधी पूर्ण अक्षर जोडायचं आणि मग ते कमानीवर ठेवायचं. कल्पना एवढीशी, पण तो कोड ज्या भाषेत होता ती मी फक्त परीक्षेपुरती शिकले होते. पुन्हा मुळापासून शिकायला बसले.

तेव्हा मी पुंडलिकनगरात दोन खोल्यांत राहायचे. गावाकडं पाणी आटलं, चराईच्या माळाला प्लॉटवाल्यांचं कुंपण पडलं, तेव्हा कळप विकून बाबा माझ्याकडं आले होते. सुट्टीच्या दिवशी गल्लीत टँकरची वाट बघत आम्ही ड्रमाशेजारी पायरीवर बसायचो, माझ्या मांडीवर लॅपटॉप.

"ह्याचा पगार कोण देतंय?" बाबांनी एकदा विचारलं.

"कुणीच नाय."

"मंग करायला कुणी सांगितलंय?"

"कुणीच नाय सांगितलं."

"म्हंजी हे भांडण हाय."

"व्हय. भांडणच."

"मंग सोडू नको माय," ते म्हणाले आणि ड्रम पुढं सरकवायला उठले.

कोड पाठवला. लायब्ररीची देखभाल करणारा गृहस्थ कुठल्याशा थंड देशात राहायचा. त्यानं सभ्यपणे कळवलं: काम चांगलं आहे, पण बदल मोठा आणि गरज थोड्यांची. मुख्य कोडात नको, वेगळी पुरवणी म्हणून ठेव, ज्याला हवी तो घेईल.

मी उत्तर लिहिलं. त्यात दोनदा आभार होते आणि एकदा माफी. वाचलं आणि पुसून टाकलं. माफी कशाची? दुसरं लिहिलं: "पुरवणी करणार नाही. तुमच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की ही लायब्ररी मजकूर वाकवते. आमचा वाकवत नाही, मोडते. एक तर तिथं 'फक्त इंग्रजीसाठी' असं लिहा, नाहीतर हा बदल घ्या."

बरेच दिवस काही हललं नाही. मग त्या उत्तराखाली माणसं जमायला लागली. कुणी बंगाली, कुणी नेपाळी, कुणी कंबोडियातला. प्रत्येकानं आपल्या मोडक्या अक्षरांचं चित्र लावलं. शेवटी तो गृहस्थ बोलला. माझ्या बदलामुळं साध्या इंग्रजीचा वेग कमी होतोय, हे त्यानं मोजून दाखवलं. झोंबलं, पण त्याचं बरोबर होतं. साध्या अक्षरांची वाट मी जुनीच ठेवली आणि आपल्यासारख्या जोडून होणाऱ्या अक्षरांसाठी नवी काढली. मग त्यानं तपासायला शब्द मागितले. मी दिले: चारा छावणी, चाऱ्याचे वाटप, पिण्याचे पाणी, मेंढ्या, दुष्काळ. त्यानं अर्थ विचारले. पाण्याचे आणि चाऱ्याचेच शब्द का, असंही विचारलं.

"सध्या आम्ही हेच छापतो," मी लिहिलं.

बदल घेतला गेला. नवी आवृत्ती आली आणि वाकवलेल्या ओळीत मराठी अक्षर पहिल्यांदा शाबूत उभं राहिलं. मालक खूश झाले. आठवड्याभरात तीच नवी आवृत्ती घेऊन समोरचं दुकानही तशाच कमानी करायला लागलं, तेव्हा ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ये तूने सबको दे दिया? अपना माल?"

"आपला नव्हता, चाचा. आपणही तो फुकटच घेतला होता."

"पूछना तो था."

"विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"नक्को बोलता."

"म्हणून नाही विचारलं."

ते मशीनकडं गेले, रोल बदलला. नोकरी राहिली.

एक गोष्ट मात्र अजून अडलेली आहे. ओळ फार वाकली की अक्षरं शाबूत राहतात, पण शिरोरेषा मध्ये मध्ये तुटते. त्या गृहस्थाचं म्हणणं, एवढी फट कुणाच्या लक्षात येत नाही. रेषा सलग वाकवणारा कोड मी पाठवला, त्यानं परत केला. सुधारून पाठवला, पुन्हा परत. परवा मी त्याच्याच लायब्ररीचं नाव इंग्रजीत लिहिलं, प्रत्येक अक्षराचा एकेक टवका काढला आणि ते चित्र पाठवून दिलं. खाली लिहिलं, "हे चालेल?"

उत्तर अजून आलेलं नाही. पुढचा कोड मी लिहायला घेतलाय.