एक उताणी, एक पालथी

हे मी आजवर नवऱ्यालाही बोललेले नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि भरभर सांगते, नाहीतर पुन्हा गिळून बसेन.

प्लेगचे साल होते. निपाणीजवळचे आमचे गाव रिकामे झाले. सगळे माळावर झोपड्या घालून राहिलो. सासूबाईंना मात्र काखेत गाठ आली होती, त्यांना हलवता येईना. तिघी सुनांपैकी एकीने गावात, त्यांच्यापाशी राहायचे. कोणी?

अशा वेळी देवीपुढे दोन कवड्या टाकायची आमच्या घरची रीत. दोन्ही उताण्या, दोन्ही पालथ्या, नाहीतर एक उताणी एक पालथी — तीन कौल, तिघी जावा; जिचा कौल पडेल, तिने राहायचे. धाकटीने आधी निवडायचे, मग मधलीने. उरेल ते थोरलीचे. थोरली मी.

सरळ वाटते ना? घरात सगळ्यांना वाटे. मला नव्हते वाटत. चिकोडीला माहेरी मी कवड्या खेळतच वाढले. देवीची एक कवडी पिवळी होती, एक पांढरी. पिवळी उताणी, पांढरी पालथी — हे एक पडणे. पांढरी उताणी, पिवळी पालथी — हे वेगळे पडणे. घरचे मात्र दोन्हींना एकच कौल म्हणत. म्हणजे पडणार चार तऱ्हांनी, आणि त्यातल्या दोन एकाच कौलात. तो जी घेईल, तिच्यावर पाळी येण्याचा धोका इतर दोघींच्या दुप्पट.

हे मला माहीत होते. फक्त मला. आणि मी बोलले नाही — इतकी वर्षे स्वतःला मी एवढेच सांगत आले.

कवड्या पडल्या. धाकटी, काशी, गावात गेली. सासूबाई वाचल्या. काशी गेली. तिची तान्ही पोर मी वाढवली, बेळगावला दिली. सगळे म्हणाले, देवीची मर्जी. मी मान डोलावली — आणि भाकरी थापायला बसले! अजून हादरते मी. थापवल्या कशा?

पण तेवढेच नाही. मी नुसती गप्प नव्हते.

निवडायच्या आधी काशी माझ्याजवळ सरकली.

"आक्का, मी कंचा घिऊ? मला काय कळतंय त्यातलं?"

"एक उताणी एक पालथी घे गं. त्यो बरा."

"झालं! आक्काची लाडकी," मधली फणकारली. "आमाला कोण सांगतंय?"

"मग? आक्का काय मला वाईट सांगतील व्हय?" काशी हसली, आणि तिने तोच कौल घेतला.

तिने विचारले तेव्हा मी अडखळले असेन, क्षणभर तरी थांबले असेन, असे तुम्हाला वाटेल. नाही. उत्तर माझ्या तोंडात तयार होते.