वासराची हगवण आणि गल्लीनं खाल्लेला खरवस

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी कोरोनाचं प्रोटीन मला कळलं, तेही एका हगवणीमुळे.

टाळेबंदीत नात घरी आली. ती शहरात विषाणूंचा अभ्यास करते. दिवसभर ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसायची. पडद्यावर रंगीत सुतळीचा गुंता गरगर फिरायचा.

"काय गं हे?"

"विषाणूचं प्रोटीन, आजी. जनावराचं आन् माणसाचं शेजारी ठेवून पाहते."

"डाळीत असतं ते? मग वरण लाव की. बघत काय बसलीस?"

त्याच दिवसांत गाय व्याली. गाय व्याली की आमच्याकडं गल्लीत घरोघर खरवस जातो. बंदीत लोकांच्या तोंडाला गोड लागलं नव्हतं. शेजारच्या चुलत दिरानं तर ताटली चाटून परत पाठवली आणि आणखी मागवली.

पुढच्याच आठवड्यात वासराला हगवण लागली. नात तिच्या मॅडमशी फोनवर मोठ्यानं बोलली, "आमच्या वासरालाही कोरोनाच असेल, जनावरांतला." पलीकडं भिंतीला दिराचा कान होताच. दिवस मावळायच्या आत चार-सहा माणसं दारात. दिराच्या तोंडाला रुमाल, नाक मात्र मोकळं.

"वहिनी, वासरू वढ्यात नेऊन सोडा."

"काहून? ते काय पुण्याहून आलं?"

"तुमचीच नात म्हणून राहिली, कोरोना हाय म्हणून."

वासराला उभं राहता येत नव्हतं. त्या उन्हात कोरड्या ओढ्यात ते दुसऱ्या दिवसाची दुपार बघणार नव्हतं, आणि बाकीचं काम कुत्र्यांनी केलं असतं. जनावरासाठी रडणारी बाई मी नाही, पण या माणसाच्या भीतीपायी जिता जीव फेकायचा, हे मला पटेना.

"मंग तुमी बी शाळेत जाऊन पडा, भाऊजी," मी म्हटलं. बाहेरून आलेल्यांना तेव्हा शाळेत ठेवत. "त्याच गाईचा खरवस खाल्लाय तुमी. दोनदा."

टोमणा मारला खरा, पण अंगलट आला. सगळ्यांचे हात गळ्याकडं गेले. एक जण म्हणाला, "मंग गाय बी न्या वढ्यात."

तेव्हा नात लॅपटॉप घेऊन उठली. दोन गुंते एकावर एक ठेवून दाखवले. म्हणाली, दोन्ही विषाणूंचं खानदान एक, पण त्यांच्या अंगावरच्या काट्यांचे शेंडे वेगळे. शेंड्याचा आकार ठरवतो, कोणाच्या अंगाला धरायचं. माणसं पडद्याकडं म्हशीसारखी बघत राहिली.

मी म्हटलं, "अरे, गोखरू शेळीच्या केसात अडकतं, म्हशीच्या पाठीवरून घसरतं. कुसळ माझ्या लुगड्याला धरतं. रानात दोन्ही काटेच. वासराचा काटा येगळा, ह्या रोगाचा येगळा."

दिरानं कामाचं तेवढंच विचारलं, "म्हंजे खरवस खाणाऱ्याला शाळेत जावं लागत न्हाई?"

"नाही, आजोबा."

"मंग वासराचा येगळाच हाय," तो लोकांना म्हणाला. "मी पहिलेच म्हणून राहिलो होतो."

लोक पांगल्यावर नात हळूच म्हणाली, "आजी, आपल्या एका साध्या सर्दीचा काटा मात्र वासराच्या काट्यासारखाच आहे. ती सर्दी गुरांतूनच आली असावी म्हणतात." हे तिनं लोकांसमोर सांगितलं नाही. पोरगी शिकलेली आहे आणि हुशारही आहे. माझं एवढंच नुकसान झालं, की सर्दीसाठी सुनेच्या फ्रीजला दिलेल्या शिव्या वाया गेल्या.

सेनगावच्या जनावरांच्या डॉक्टरनं फोनवर सांगितलं तसं वासराला वेगळं बांधलं, पाणी पाजत राहिले, साबणानं हात धुतले. एका सकाळी शेण भरताना त्यानं मागून ढुशी दिली आणि मी पाटीसकट शेणात पडले. जगलं.

त्या वासराची कालवड झाली, ती यंदा व्याली. खरवस चुलीवरून उतरायच्या आधी दीर ताटली घेऊन दारात. पहिला घास तोंडात गेल्यावर त्याला आठवलं.

"वहिनी, वासराला हगवण-बिगवण न्हाई ना?"

"खाऊन घ्या आधी," मी म्हटलं. "मंग सांगते."