प्रतिक्षाची हरणं

बारामतीत एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मोहनरावांचा कॉम्प्युटर क्लास होता. दोन हजार दोन साल. तेव्हा अशा क्लासात चपला बाहेर काढून जावं लागे, देवळात गेल्यासारखं. त्या चपला ओळीनं लावायच्या, फरशी पुसायची, माठ भरायचा आणि संध्याकाळी मशिनींवर प्लॅस्टिकची झाकणं घालायची, हे काम दादासोचं. अंथुर्ण्याहून सकाळच्या गाडीनं यायचा आणि शेवटच्या गाडीनं परत जायचा. साहेबांच्या शब्दाला त्यानं कधी ना म्हटलं नाही. आवाज चढवलेला तर कुणी ऐकलाच नव्हता.

त्याची लेक प्रतिक्षा दहावी झाली तेव्हा मोहनरावांनी तिला फी न घेता क्लासात बसू दिलं. पोरगी हुशार, पण लहानपणी सांध्यांचा ताप येऊन गेलेला, त्यात काळजाची झडप खराब झाली होती. दोन जिने चढली की ओठ निळे पडायचे. दारातल्या मशिनवर बसून ती आधी टायपिंग शिकली, मग क्लासात शिकवणाऱ्या वैदेही मॅडमनी आणलेल्या सीडीवरचा एक खेळ. त्यात आपलं आपण प्राणिसंग्रहालय उभं करायचं. प्रतिक्षानं वाळवंटातली हरणं घेतली. पांढुरकी, तोंडावर काळे पट्टे आणि भाल्यासारखी सरळ शिंगं. अशी सात हरणं. घरच्या शेळ्यांची नावं त्यांना दिली, ढवळी, मोरी, भुरी, चांदी, जी आठवतील ती. त्यांच्यासाठी तिनं लांबरुंद जागा केली, सगळी वाळू, चार खडक, एक काटेरी झाड आणि कोपऱ्यात पाण्याची एवढीशी कुंडी. कुंपण पार लांब. हरणावर माऊसचा बाण नेला की हिरवा हसरा चेहरा दिसायचा.

"आप्पा, हसत्यात बघा," ती म्हणायची.

दादासो हातातलं फडकं थांबवून बघायचा. एवढ्या उजाड माळावर जनावरं खाणार काय, असं त्याला वाटायचं, पण लेक हसते म्हणजे सगळं बरोबर असणार.

श्रावणात झडप फारच बिघडली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं. वॉर्डात एकाच माणसाला थांबू देत, ती साखरबाई, तिची आई. मदतीला पुण्यातला मामा होता. दादासोची म्हातारी आई, प्रयागबाई, अंथरुणाला खिळलेली. तिचं हगणं-मुतणं काढायला घरी दुसरं कुणी नाही, म्हणून दादासो मागं राहिला. निघताना प्रतिक्षा क्लासात आली, मशिनवर झाकण घातलं आणि म्हणाली, "आप्पा, हे बंदच ठेवा. कुणाला बसू देऊ नका. मी आल्यावर उघडीन."

"व्हय बाळा."

दोन दिवस त्यानं बंद ठेवलं. तिसऱ्या दिवशी फरशी पुसता पुसता त्याचा हात झाकणाशी थांबला.

तो मेंढपाळाच्या घरचा. आता मेंढरं नव्हती. गायरानं उसाखाली गेली तसा त्याच्या बापानं, सोनबानं, कळप काढून टाकला होता. पण घरची रीत काही कळपाबरोबर विकली जात नाही. दादासोची आजी गेली त्या सकाळी तिला अंगणात निजवलेली असताना सोनबानं आधी वाघर, म्हणजे जाळीचा वाडा, उघडून मेंढरं चरायला लावली आणि मग तो रडायला बसला. रडणं थांबतं, जित्राबाचं पोट थांबत नाही, असंच ते घर मानत आलं होतं. आणि इथं सात जनावरं तीन दिवस झाकणाखाली.

पोरीसाठी करण्याजोगं दुसरं काहीच त्याच्या हातात नव्हतं. रक्त मामानं दिलं, रात्री साखरबाई जागत होती, कापायचं डॉक्टरांनी. त्यानं बिरोबाचं नाव घेतलं, दुपारच्या रिकाम्या वेळात मशिन सुरू केलं आणि लेक करायची तसा खेळ उघडला.

हरणं हिंडायला लागली. इंग्रजी त्याला येत नव्हतं, पण चित्रं कळत होती. सगळ्यात आधी त्यानं पाणी दिलं. अर्धी वाळू काढून तिथं तळं केलं. मग हिरवं गवत, मग झाडांची गर्दी. जन्मभर पाण्यापाठी वणवण केलेला माणूस. कालव्याचं पाणी शेजारच्या लासुर्ण्याच्या शिवारात गेलं आणि याच्या माळाला दिसलंच नाही. माया करायची म्हणजे दुसरं काय करायचं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

चेहरे पिवळे झाले. त्याला वाटलं, पाणी कमी पडलं. त्यानं तळं वाढवलं. दुसऱ्या दिवशी चेहरे लाल. तेव्हा त्यानं कुंपण ओढून अगदी जवळ आणलं, मेंढरं रात्री वाघरीत बसवतात तसं, अंगाला अंग लागलं की जनावराला धीर येतो म्हणून. मोरी आडवी झाली. तिच्यावर बाण नेला, कुठंच काही उमटलं नाही. मग चांदी गेली.

मोहनराव मागून डोकावले. "काय दादासो, पुन्हा धंद्याला लागला वाटतं? लोकर किती निघाली?"

"न्हाय साहेब, पोरीची हायती."

"मग बघा बरं, पोरगी आल्यावर हिशेब मागेल!"

मोहनरावांनी गंमत केली आणि ते आत गेले. दादासोनं उरलेली बोटानं मोजली, पाच. तरी मशिन बंद करण्याआधी त्यानं रोजच्यासारखं सेव्हचं बटण दाबलं. दिवसाचं काम सेव्ह केल्याशिवाय उठायचं नाही, असं वैदेही मॅडम पोरांना बजावायच्या, ते त्यानं दारातून ऐकलं होतं.

मॅडम परीक्षेसाठी रजेवर होत्या. विचारायचं कुणाला? बिरोबाच्या भंडाऱ्याची चिमूट त्यानं मशिनच्या डोक्यावर ठेवली. घरी म्हातारीला भरवताना त्याच्या मनात एक अभद्र विचार शिरला होता, हरणं राहिली तर पोरगी राहील. तो विचार त्यानं जिभेवर आणला नाही, पण तो जाईना.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वैदेही मॅडम आल्या, तेव्हा तळ्याच्या काठाला एकटी ढवळी उभी होती, लाल चेहऱ्याची.

"अहो दादासो, हे काय केलंत? ही वाळवंटातली. त्यांना पाणी नको, कोरडं पाहिजे, मोकळं पाहिजे. तिनं केलं होतं ना सगळं बरोबर."

"मॅडम, तीन दिवस उपाशी व्हती ती."

मॅडम आवाज खाली आणून म्हणाल्या, "बंद असलं की तिथं वेळच सरत नाही हो. भूक नाही, तहान नाही. वर्षभर उघडलं नसतं तरी सातही तशीच राहिली असती."

"आन् आता मागं न्हाय का जायचं?"

"तुम्ही रोज त्याच्यावरच सेव्ह केलंय. जुनं पुसलं गेलं."

तो भिंतीला टेकून खाली बसला. मॅडमनी घाईघाईनं तळं पुसलं, वाळू पसरली, कुंपण लांब नेलं आणि सेव्ह करून खेळ बंद केला. ढवळीचा चेहरा तांबडाच होता.

दुपारी क्लासचा फोन वाजला. साखरबाई दवाखान्यातल्या नाणी टाकायच्या फोनच्या डब्यावरून बोलत होती. "उद्या सकाळी नेणार हायती. धरा, पोरगी बोलतीया."

"आप्पा, जेवला का?"

"जेवलू."

"म्हातारी बरी हाय का? आन् हरणं?"

"हायती की," तो म्हणाला.

"मोरीचा पाय लंगडत व्हता, बरा झाला आसंल आता. चांदी कशी हाय?"

देवानं उद्या पोरीला उघड्या काळजानं टेबलावर निजवायची आणि आज बापानं तिच्याशी खोटं बोलायचं?

"आप्पा? भुरी हाय का?"

"न्हाय गं." आणि तो तिथंच, बाहेरच्या चपलांच्या ओळीकडे तोंड करून, हुंदके द्यायला लागला. "एकटी ढवळी राहिली. मीच उघडलं. पाणी दिलं मी त्यास्नी, लई पाणी दिलं."

पलीकडे नुसता धापेचा आवाज. मग प्रतिक्षा म्हणाली, "तुमाला म्हणलं व्हतं ना बंद ठेवा."

"उपाशी कशी ठिवू, बाळा?"

डब्यात नाणं पडल्याचा आवाज आला. "रडू नका. आता नका उघडू मातर. ढवळीला बी नका बघू. बंद हाय तवर तिला काय व्हत न्हाय. मी आल्यावर बघीन."

"व्हय."

"बिरोबाची आण घ्या."

त्यानं घेतली.

दुसऱ्या दिवशी शेजारणीला म्हातारीपाशी बसवून तो नेहमीच्या गाडीनं आला. फरशी पुसली, माठ भरला. दारातल्या मशिनवरची धूळ पुसून झाकण सरळ केलं, त्यावर भंडाऱ्याची चिमूट ठेवली आणि स्टूल घेऊन शेजारी बसला. दहा वाजले, बारा वाजले. आत ढवळी जगली असेल का, एवढं बघायला त्याचे हात शिवशिवत होते. ते त्यानं मांडीखाली दाबून धरले. कळप सोडून इतका वेळ नुसतं बसणं त्याच्या घरात कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

दुपार कलल्यावर फोन आला. "भाईर आणलीय," साखरबाई म्हणाली. "नळ्याच नळ्या लावल्यात. अजून डोळं उघडलं न्हाईत. डॉक्टर म्हणत्यात, आता बघायचं."

"आपुन काय करायचं?"

"काय न्हाय वो. काचंतनं बघायचं."

तो परत स्टुलावर येऊन बसला. चारच्या बॅचची पोरं आली, चपला काढल्या. एक मशिन बिघडलेलं, म्हणून मोहनरावांनी दारातल्या मशिनकडे बोट केलं. "दादासो, काढा ते झाकण. पोरं खोळंबलीत."

दादासो उठला आणि मशिनच्या पुढ्यात उभा राहिला.

"आज न्हाय, साहेब."

"काय?"

"न्हाय उघडायचं. कामावनं काढा पायजे तर."

मोहनरावांनी दादासोच्या तोंडाकडे बघितलं, मग झाकणावरच्या पिवळ्या चिमटीकडे.

"दोघं दोघं बसा रे एकेका मशिनवर," ते पोरांना म्हणाले, आणि फोन जागेवरून उचलून त्यांनी दादासोच्या हाताशी आणून ठेवला.